मानसशास्त्रीय चाचण्या: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिठ्ठीवर 'आयक्यू करून आणा' किंवा नुसतंच 'सायकोमेट्री' असं लिहिलेलं असतं आणि घरी पोहोचेपर्यंत डोक्यात दहा शंका उभ्या राहतात. मुलावर शिक्का बसेल का, नोकरीत अडचण येईल का, शाईचे डाग दाखवून ही मंडळी काय ओळखतात? ओपीडीबाहेरच्या बाकावर आणि पालकसभेत पुन्हा पुन्हा ऐकू येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एक मुद्दा मात्र बऱ्याच उत्तरांत येईल: चाचणी म्हणजे तुलना, आणि ती कोणाशी केली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

डॉक्टरांना बोलून कळत नाही का? चाचणी कशाला?

बहुतेक वेळा बोलूनच कळतं. नैराश्य, चिंता, ओसीडी (मंत्रचळ), स्किझोफ्रेनिया यांचं निदान मुलाखतीवरून, घरच्यांनी सांगितलेल्या हकिगतीवरून आणि पेशंट समोर कसा बोलतो-वागतो त्यावरून होतं. सोडवला की खाली आजाराचं नाव छापून येईल असा पेपर कोणाकडेच नाही.

चाचणी लागते ती एखादा ठरावीक प्रश्न अडला की. सातवीतला मुलगा मागे पडतोय. त्याची समज कमी आहे, वाचन अडतंय, ऐकू कमी येतंय, की घरातल्या भांडणांनी त्याचं मन उडालंय? सत्तरीतल्या बाईंचं विसरणं स्मृतिभ्रंशाचं की उदासीनतेचं? अपघातात डोक्याला मार लागलेला ड्रायव्हर पुन्हा गाडीवर बसू शकेल का? ओसीडीची औषधं सुरू होऊन काही महिने झाले, लक्षणं खरंच उतरली का? इथे मोजमाप कामाला येतं. म्हणून चिठ्ठीवर चाचणीच्या नावासोबत प्रश्नही लिहिलेला असावा. नसेल तर सरळ विचारा, "डॉक्टर, यातून तुम्हाला काय समजून घ्यायचंय?" याचं धड उत्तर मिळालं नाही, तर चाचणीची घाई करू नका.

चाचणी कोणी घ्यायची? सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक यांत फरक काय?

सायकियाट्रिस्ट एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेले डॉक्टर असतात, औषधं तेच देतात. निदानासाठीच्या चाचण्या घेणं हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिलेली आहे, आणि तिचा आधार आहे भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण. आजवर ही पात्रता प्रामुख्याने दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून मिळत आली, ज्यात प्रत्यक्ष रुग्णांसोबत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. अशा व्यक्तीकडे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. त्याला बोलीत 'सीआरआर नंबर' म्हणतात आणि तो रिपोर्टवर सहीखाली असतो. दिसला नाही तर मागायला संकोच करू नका.

शाळेतल्या समुपदेशक बाई किंवा एम.ए. झालेले मानसशास्त्राचे पदवीधर प्राथमिक चाळणी करू शकतात, पालकांना वेळेवर सावध करू शकतात, आणि हे काम छोटं नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीचा किंवा निदानाचा रिपोर्ट मात्र नोंदणीकृत व्यक्तीचाच हवा. सरकारी सोय हवी असेल तर राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

आयक्यू म्हणजे नक्की काय मोजलं जातं?

गोष्ट पॅरिसची आहे. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या प्रश्नांची मालिका तयार केली. मूल कोणत्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं त्यावरून 'मानसिक वय' आलं. १९१२मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचं सुचवलं. पुढे त्याला शंभराने गुणायची पद्धत पडली. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सहा आलं, तर आयक्यू ७५.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हा हिशोब कोसळतो. साठीच्या गृहस्थाचं मानसिक वय तीस म्हणजे काय समजायचं? म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९च्या आपल्या चाचणीत दुसरी रीत धरली: त्याच वयोगटातल्या लोकांत तुम्ही कुठे उभे आहात तेवढंच बघायचं. सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. या हिशोबात दर तीन माणसांतली साधारण दोन ८५ ते ११५ मध्ये बसतात, आणि ७०च्या खाली शंभरात जेमतेम दोन.

आयक्यूचा आकडा कधीही नेमका नसतो. ८२ आला तर खरा आकडा साधारण ७७ ते ८७ मध्ये कुठेतरी असावा असं वाचायचं. चांगल्या रिपोर्टमध्ये हा पट्टा लिहिलेला असतो. भावाचा ९६ आणि बहिणीचा ९९ म्हणून बहीण हुशार, ही तुलना अर्थशून्य आहे. ती जेवणाच्या ताटावर तर मुळीच करू नका.

रिपोर्टवर 'बिने-कामत' किंवा 'मालिन' लिहिलंय. हे काय?

या दोन्ही चाचण्यांचं नातं आपल्या मुलखाशी आहे, आणि हे फार थोड्या मराठी माणसांना माहीत असतं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने चाचणी (बिने यांच्या चाचणीचं अमेरिकन रूप) मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. प्रश्न नुसते भाषांतरित केले नाहीत, इथल्या मुलांवर घासूनपुसून बघितले आणि कुठला प्रश्न कुठल्या वयाला बसतो ते नव्याने ठरवलं. भारतीय भाषेत बुद्धिमापनाचं इतकं जुनं आणि इतकं टिकलेलं काम विरळाच. मालिन यांनी १९६०च्या दशकात नागपुरात वेक्सलर यांची मुलांसाठीची चाचणी भारतीय मुलांसाठी बदलून घेतली. ती 'मिसिक' या नावाने ओळखली जाते. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, शर्टाची बटणं लावतं का, दुकानातून सामान आणतं का, अशा दैनंदिन गोष्टी आईवडिलांना विचारून काढायची सामाजिक परिपक्वतेची श्रेणी, म्हणजे व्हीएसएमएस, तिचंही भारतीय रूप मालिन यांनीच नागपुरात केलं.

अभिमान बाजूला ठेवून आता अडचण सांगते. तुमच्या मुलाची तुलना या चाचण्या ज्या मुलांशी करतात, ती मुलं आज आजी-आजोबा तरी आहेत किंवा हयात नाहीत. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की विसाव्या शतकात बऱ्याच देशांत बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवरचे गुण दर दहा वर्षांनी साधारण तीनाने चढत गेले. म्हणजे मानकं (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते आकडे) जुनी असली की आजच्या मुलाचा आकडा फुगून येऊ शकतो. खरोखर मदतीची गरज असलेलं मूल मग ७६वर जाऊन प्रमाणपत्राच्या बाहेर राहतं. उलटही घडतं. जुन्या काळातल्या वस्तू, जुने शब्द आजच्या मुलाने पाहिले-ऐकलेलेच नसतात आणि तिथे गुण विनाकारण जातात.

मग या चाचण्या अजून का वापरतात? स्वस्त आहेत, शिकवलेल्या आहेत, मराठीत आहेत, आणि सरकारी खात्यांना ओळखीच्या आहेत. वेक्सलर यांच्या चाचण्यांच्या भारतीय मानकांसह निघालेल्या नव्या आवृत्त्या महाग पडतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत. माझ्या मते जुनी चाचणी वापरली म्हणून रिपोर्ट रद्दी होत नाही. चाचणी घेणाऱ्याने मानकं जुनी असल्याचं लक्षात ठेवून, मुलाचं रोजचं वागणं आणि शाळेतलं काम यांच्याशी आकडा ताडून बघितलाय का, ते महत्त्वाचं. आकडा ६८ आला, पण मूल एकटं बाजारात जाऊन हिशोबाने सुटे पैसे परत आणत असेल, तर आधी आकड्यावर शंका घ्यायची.

ज्ञान प्रबोधिनीत मुलाची चाचणी झाली होती. तोच रिपोर्ट इथे चालेल का?

सहसा नाही, कारण प्रश्न वेगळा आहे. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलं ओळखण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिमत्तेच्या सिद्धांतावर आधारलेल्या मराठी चाचण्या बनवल्या, आणि त्या परंपरेत अनेक पिढ्यांची शालेय व करिअरविषयक चाचणी झाली. दवाखान्यात अडचण कुठे आहे ते शोधायचं असतं. जुना रिपोर्ट फाइलमध्ये मात्र जरूर आणा. तीन वर्षांपूर्वी मूल कसं होतं हे त्यातून कळतं.

घरी अहिराणी, शाळा इंग्रजी, शेजारी हिंदी. चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची?

हा प्रश्न पालकांनी विचारायच्या आधी चाचणी घेणाऱ्याने विचारायला हवा. मूल ज्या भाषेत विचार करतं, भांडतं, स्वप्नात बडबडतं, ती भाषा. जळगाव-धुळ्याकडच्या मुलाला प्रमाण मराठीत शब्दांचे अर्थ विचारले किंवा सिंधुदुर्गातल्या मालवणी बोलणाऱ्या मुलीला पुस्तकी वाक्यं ऐकवली, की मूल गप्प बसतं. ते गप्प बसणं रिपोर्टमध्ये 'न येणं' म्हणून उतरतं.

शब्द टाळून घ्यायच्या चाचण्याही आहेत. सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली पाच कृती चाचण्यांचा संच बनवला, त्यात ठोकळे, आकृत्या, चित्रांचे तुकडे जोडणं असं काम असतं. लहान मुलांसाठी सेग्विन फॉर्म बोर्ड आहे. लाकडी पाटीतल्या खाचांत दहा आकार बसवायचे आणि वेळ मोजायची. १९३८ सालच्या रेव्हन यांच्या मॅट्रिसेसमध्ये नक्षीतला हरवलेला तुकडा शोधायचा असतो. यांना पूर्वी 'संस्कृतीमुक्त' म्हणायची पद्धत होती. ते खरं नाही. ज्याने कधी ठोकळे हाताळले नाहीत, कागदावरची सपाट आकृती वाचायची सवय ज्याला नाही, त्याला इथेही तोटा होतो.

बीड किंवा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातलं मूल घ्या. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या पट्ट्यात जातात, मूलही जातं, शाळा महिनोन्‌महिने सुटते. सामान्यज्ञान आणि गणिताच्या उपचाचण्यांत त्याचे गुण पडले तर त्यातले किती शाळा बुडल्याचे आणि किती समजेचे? ठोकळे आणि कोड्यांत तेच मूल बरोबरीचं निघालं, तर रिपोर्टमध्ये दोन्ही भागांतली तफावत आणि तिचं कारण ठळक लिहिलेलं पाहिजे. एकच एकत्रित आकडा देऊन मोकळं होणं अशा मुलावर अन्याय आहे.

शाळेने 'एलडी टेस्ट करून आणा' सांगितलं. प्रक्रिया काय असते?

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, मराठीत अध्ययन अक्षमता: बुद्धी पुरेशी, शिकवणंही मिळतंय, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल अडतं. महाराष्ट्राने याची दखल देशात लवकर घेतली. १९९६पासून इथल्या शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं एलडी क्लिनिक हे त्या काळापासूनचं नाव. केंद्राच्या कायद्यात ही अक्षमता आली ती थेट २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, २१ प्रकारांच्या यादीत.

आधी डोळे आणि कान तपासतात. चष्म्याचा नंबर निघाला आणि प्रश्न तिथेच मिटला असंही होतं. मग बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ हकिगत घेतात, आयक्यू होतो, आणि त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मनोविकार संस्थेचा संच पुष्कळ ठिकाणी वापरतात. सगळं एका बैठकीत होत नाही, दोन-चार फेऱ्या धराव्या लागतात. शाळेच्या वह्या सोबत न्या. खाडाखोड, अर्धवट सोडलेली वाक्यं, फळ्यावरून उतरवताना गाळलेल्या ओळी यांतून जे दिसतं ते चाचणीच्या तासाभरात दिसेलच असं नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांची इथे पंचाईत होते. उपलब्ध साधनं बरीचशी इंग्रजी वाचनाभोवती बेतलेली, आणि इंग्रजीतल्या चुका देवनागरीतल्या चुकांपेक्षा वेगळ्या. मराठी वाचताना अडणारं मूल बहुधा मूळ अक्षर ओळखतं, पण काना-मात्रा-वेलांटीत घसरतं, जोडाक्षराशी थांबतं, रफार भलत्याच अक्षरावर चढवतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर निम्मा महाराष्ट्र करतो, तेवढ्यावरून कोणी एलडी ठरत नाही. मराठी उतारे त्या त्या इयत्तेचे घेऊन तपासणाऱ्या व्यक्तीकडे जाणं बरं.

प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडूनच मिळतं. खासगी रिपोर्ट मार्गदर्शनाला उपयोगी, बोर्डाला पुरत नाही. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणन वयाच्या आठव्या वर्षापासून, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी, असं ठरलं होतं. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, विषयातले पर्याय अशा सवलती असतात. तपशील बदलत राहतात, म्हणून मुख्याध्यापकांकडे बोर्डाचं चालू परिपत्रक मागा. आणि एक कळकळीचं: दहावीच्या डिसेंबरात धावपळ करू नका. तिसरी-चौथीत शंका आली तेव्हाच आलात तर उपचारात्मक शिकवणीला वर्षं मिळतात. दहावीत फक्त सवलत मिळते.

शाईचे डाग बघून माणूस ओळखतात म्हणे?

हेर्मान रॉर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली ही चाचणी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. वय अवघं ३७. कार्डं दहा: पाच काळी-करडी, दोन काळ्यात लाल मिसळलेली, तीन रंगीत. जगभर आजही तीच दहा वापरतात.

काय दिसलं यापेक्षा कसं दिसलं याकडे परीक्षकाचं लक्ष असतं. उत्तर डागाच्या आकाराशी जुळतं का, पूर्ण डाग घेतला की कोपरा, हालचाल दिसली का, रंगाने उत्तर ओढलं का. प्रत्येक उत्तराला ठरावीक सांकेतिक खूण देऊन मग हिशोब मांडतात. जॉन एक्सनर यांनी १९७०च्या दशकात वेगवेगळ्या पद्धती एकत्र आणून या गुणांकनाला शिस्त लावली. विचारांची सुसंगती ढळली आहे का हे पाहण्यात ही चाचणी बऱ्यापैकी भरवशाची आहे. नैराश्य किंवा चिंता ओळखण्यात तिचा आधार लंगडा. आपल्याकडे काही ओपीडींत ती सवयीने, सगळ्यांनाच लिहून देतात, हे मला पटत नाही. नीट घ्यायला आणि गुणांकन करायला काही तास जातात. वीस मिनिटांत कार्डं दाखवून 'व्यक्तिमत्त्व रिपोर्ट' हाती पडला, तर त्यावर फार विसंबू नका.

कार्डं नेटवर सापडतात हे खरं. कोणत्या कार्डावर लोकांना सहसा काय दिसतं ते मात्र इथे लिहिणार नाही. पाठ करून गेलात तर नुकसान तुमचंच, आणि पाठ केलेली उत्तरं बहुधा ओळखूही येतात.

चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली. त्याचं काय करतात?

ती टीएटी, म्हणजे थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट. हार्वर्डमध्ये क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ साली ती मांडली. गोष्टीतली माणसं एकमेकांशी कशी वागतात, अडचणीत काय करतात, शेवट कसा होतो यावरून बोलायला विषय मिळतात. मूळ चित्रांतली माणसं आणि घरं अमेरिकन आहेत. उमा चौधरी यांनी भारतीय चित्रांचा संच केला आहे. आकडेवारी म्हणून टीएटी कच्ची, समुपदेशनाची सुरुवात म्हणून चांगली. याहून जास्त तिच्याकडून मागू नये.

पाचशे प्रश्नांची प्रश्नावली दिली. खोटी उत्तरं दिली तर कळतं का?

पुष्कळदा कळतं. मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४३मध्ये आणलेल्या एमएमपीआय या व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीची १९८९ची आवृत्ती ५६७ विधानांची आहे. त्यात आजारांच्या श्रेणींशिवाय वैधतेच्या, म्हणजे उत्तरं प्रामाणिक आहेत का ते बघणाऱ्या, श्रेणीही असतात. 'मला कधीच राग येत नाही' छापाच्या विधानांना सतत होकार दिला, की स्वतःला गोमटं दाखवायचा प्रयत्न दिसतो. क्वचितच कोणाला होणारी लक्षणं ढिगाने 'होय' केली, की वाढवून सांगणं किंवा न वाचता टिकमार्क करणं दिसतं. मग सगळा रिपोर्टच 'वाचता येत नाही' ठरतो आणि मेहनत वाया जाते. थकवा आला तर सांगा, उरलेले प्रश्न विश्रांतीनंतर सोडवता येतात.

नेटवर पीएचक्यू-९ भरली, १४ गुण आले. मला डिप्रेशन आहे का?

असू शकतं, आणि डॉक्टरांना भेटण्याइतका हा आकडा नक्कीच आहे. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, गुण शून्य ते २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करावी असा संकेत आहे. पण झोप न लागणं, भूक मरणं, थकवा हे थायरॉइड बिघडल्यावर, रक्त कमी असल्यावर, बाळंतपणानंतरच्या जागरणांतही होतं. प्रश्नावली कारण सांगत नाही.

दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे कितीतरी माणसं 'उदास वाटतं' असं म्हणतच नाहीत. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, कशात जीव रमत नाही, असं सांगतात. त्यांचा आकडा कमी येतो आणि आजार तसाच राहतो. म्हणून कमी गुण हे सर्टिफिकेट समजू नका.

नवव्या प्रश्नात जगू नये असे विचार येतात का ते विचारलेलं असतं. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण बेरीज बाजूला ठेवा आणि आजच कोणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आजी विसरते. तीस गुणांच्या चाचणीत तिला १९ मिळाले. डिमेन्शिया का?

आधी विचारा, आजी शाळेत किती शिकली? १९७५ची एमएमएसई ही तीस गुणांची चाचणी पटकन होते म्हणून सगळीकडे वापरली जाते, पण ती शिकलेल्या माणसाला धरून बांधलेली आहे. शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, आकृती काढा, आजची तारीख सांगा. दुसरीनंतर शाळा सुटलेल्या बाईंचे इथे गुण सहज जातात. तारीख न सांगणारी आजी 'आज वद्य एकादशी' बरोबर सांगते, भिशीत कोणाचे किती राहिले तेही सांगते. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांसाठी निरक्षरांना झेपेल असं हिंदी रूप याच कारणाने बनवलं गेलं.

म्हणून एका आकड्यावर थांबायचं नाही. पूर्वी जमायचं आणि आता जमत नाही असं काय आहे? स्वयंपाकात मीठ दोनदा पडतं, ओळखीच्या रस्त्यावर चुकते, नातवाचं नाव आठवत नाही? ही यादी लिहून न्या. बी-१२, थायरॉइड यांच्या तपासण्या होतात, उदासीनता तपासली जाते, आणि गरज पडली तर स्मृती, लक्ष, भाषा, नियोजन यांची सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी विसरू नका, नाहीतर ऐकू न आल्याचे गुण स्मृतीच्या खात्यात वजा होतात.

ऑटिझम आणि एडीएचडीसाठी वेगळी चाचणी असते का?

ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) आपल्याकडे 'आयएसएए' ही ४० मुद्द्यांची भारतीय श्रेणी प्रमाणपत्राच्या कामी वापरतात. मुलाला बघून आणि पालकांशी बोलून ती भरली जाते. एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांची) अशी एक निर्णायक चाचणी नाही. घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती जुळावी लागते. दवाखान्यातल्या नव्या खोलीत पुष्कळ चंचल मुलं तासभर शहाण्यासारखी बसतात.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगतात, ते करू का?

नको. डीएमआयटी नावाने शाळांमध्ये आणि मॉलमध्ये विकल्या जाणाऱ्या या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही. बोटांवरच्या रेषा जन्माआधी तयार होतात, त्यांवरून मूल इंजिनीअर होईल की गायक हे कळत नाही. रंगीत तीस पानी रिपोर्ट आणि मेंदूचं चित्र बघून भुलू नका. तेवढ्या पैशात मुलाला वर्षभराची पुस्तकं येतील.

ही लाय डिटेक्टरसारखी चाचणी आहे का?

नाही. तो पोलीस तपासाचा भाग, इथे त्याचा संबंध नाही. तिथेही २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही असं म्हटलं आहे.

रिपोर्ट कोणाकोणाच्या हाती जातो? लग्न, नोकरी...

२०१७च्या कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांतली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी बघण्याचाही. कंपनी, शाळा, होणारं सासर यांपैकी कोणीही दवाखान्यात फोन करून रिपोर्ट मागू शकत नाही. कोर्टाचा आदेश, जिवाला धोका असे मोजके अपवाद आहेत. लहान मुलाचा रिपोर्ट पालकांना मिळतो. शाळेला किती द्यायचा ते तुम्ही ठरवा. बहुतेक वेळा शिफारशींचं एक पान पुरतं, घरातल्या भांडणांची हकिगत वर्गशिक्षकांपर्यंत जायचं कारण नाही. रिपोर्ट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका. पुढे तोच मुलगा मोठा होऊन तो वाचणार असतो.

घटस्फोटाच्या भांडणात 'जोडीदार वेडा आहे हे सिद्ध करून द्या' म्हणत येणारेही असतात. माणूस समोर नसताना, त्याच्या संमतीशिवाय असा रिपोर्ट होत नाही.

चांगला रिपोर्ट कसा ओळखायचा?

कशासाठी पाठवलं होतं, कोणत्या चाचण्या, कोणत्या भाषेत, किती वेळात घेतल्या, त्या दिवशी माणूस कसा होता (ताप होता, रडत होतं, झोपाळलेलं होतं), आकडे आणि त्यांचा पट्टा, आणि शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पुढे काय करायचं ते साध्या मराठीत हवं. 'आयक्यू ६४, सौम्य बौद्धिक अक्षमता' एवढंच दोन ओळींत लिहून दिलं असेल तर ते अपुरं आहे, कारण बौद्धिक अक्षमता ठरवताना दैनंदिन वागणुकीची पाहणी लागतेच. रिपोर्ट हातात देताना समजावून सांगणं हा कामाचाच भाग आहे. त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या.

परत चाचणी करता येते का?

येते, पण तीच बुद्धिमापन चाचणी महिन्याभरात पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात. साधारण वर्षभराचं अंतर ठेवतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचे आकडे तसेही पुढे बरेच हलतात, त्यांवरून भविष्य ठरवू नये. दुसरं मत हवं असेल तर आधी कोणती चाचणी झाली ते नव्या परीक्षकाला सांगा, लपवू नका.

चाचणीच्या दिवशी काय तयारी करायची?

रात्री झोप, सकाळी पोटभर नाश्ता. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका, फक्त यादी न्या. चष्मा, श्रवणयंत्र, जुने केस पेपर, शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तक पिशवीत घाला. मुलाला 'इंजेक्शन नाही, कोडी आणि प्रश्न असतात, काही येतील, काही येणार नाहीत' इतकं खरं सांगा. 'परीक्षा आहे, नीट लिही' म्हणू नका. यूट्यूबवर सराव करून घेऊ नका. ताप असेल, घरात काही दुःखद घडलं असेल, तर फोन करून तारीख पुढे घ्या. आणि आत मुलासोबत बसायचं की बाहेर, ते आधीच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला बाहेरच थांबवतील.